श्वास मोजणारा जिल्हा

चंद्रपुरातून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा 1982 साली जन्माला आला आणि त्याच दशकाच्या अखेरीस श्वासाच्या आजाराचा एक मोठा धडा त्याने वैद्यकशास्त्राला दिला. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या आरोग्यदूतांना आणि सुईणींना बाळाचा न्यूमोनिया ओळखायला आणि त्यावर को-ट्रायमोक्सॅझोल द्यायला शिकवले. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त, त्याहून मोठ्याचा पन्नास किंवा जास्त, एवढीच खूण. पण अक्षरओळख नसलेल्या बाईने साठपर्यंत मोजायचे कसे? त्यासाठी एक साधन बनवले गेले: एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. 1990 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. या कार्यकर्त्यांनी उपचार केलेल्या न्यूमोनियाच्या मुलांपैकी 0.8 टक्के दगावली. तुलनेसाठी निवडलेल्या गावांत हे प्रमाण 13.5 टक्के होते. औषध आधीपासूनच उपलब्ध होते. नवे होते ते गावातच, गावातल्याच माणसाने श्वास मोजणे. या भागात श्वासाचा आजार मोजला गेला तेव्हाच तो दिसला, आणि दिसला तेव्हाच आटोक्यात आला. आज धावणाऱ्या मुलामुलींच्या दम्याबाबत हाच इतिहास पुढे न्यायला हवा, असे माझे म्हणणे आहे.

पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावे लागते. रोजगाराची दारे मोजकीच असलेल्या गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांत त्या धावेवर घरादाराची आशा असते. व्यायामाने उद्भवणारा दमा तपासताना डॉक्टर रुग्णाला सहा ते आठ मिनिटे जोरात पळायला लावतात आणि त्यानंतर त्याची फुंक मोजतात. 1600 मीटरला साधारण तेवढाच, किंचित कमी वेळ लागतो. म्हणजे दवाखान्यातल्या चाचणीचा पूर्वार्ध मैदानावर रोज पहाटे पार पडतो. मोजणी तेवढी राहून जाते. जोरात धावताना माणूस तोंडाने भराभर श्वास घेतो. हिवाळ्यातली थंड, कोरडी हवा नाकात ऊब आणि ओलावा न घेताच आत जाते, श्वासनलिकांचे अस्तर कोरडे पडते आणि नाजूक नलिका आवळतात. धाप कोणालाही लागते, मग दमा ओळखायचा कसा, हा आक्षेप रास्त आहे. उत्तर घड्याळात आहे. साधी धाप थांबल्यावर काही मिनिटांत ओसरते. दम्याची बहुधा थांबल्यानंतर पाच-दहा मिनिटांत वाढते, सोबत खोकला आणि छातीत घरघर येते. धावण्याआधी आणि नंतर पीक फ्लो मीटरमध्ये फुंकायला लावले तर आकड्यातली घट डोळ्यांनी दिसते. या साध्या नळीला वीजही लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. सिकलसेल आणि रक्तक्षय या पट्ट्यात भरपूर. तेव्हा प्रत्येक धापेला दमा म्हणून पंप देणे घातक ठरेल. खरेच आहे, आणि मोजणी हवी ती याचसाठी. फुंक घटली नाही आणि तरीही मूल थकते, तर रक्त तपासायला पाठवायचे. निदान आणि औषध डॉक्टरांचेच. प्रशिक्षकाने किंवा आशाताईने फक्त संशय नोंदवायचा. सुईणीच्या हाती प्रतिजैविक देण्याच्या मानाने ही जबाबदारी कितीतरी हलकी आहे. निदान झाल्यावर मार्गही सरळ आहे: आधी दहा-पंधरा मिनिटे अंग गरम करणे, थंडीत नाकातोंडावर रुमाल बांधणे, डॉक्टरांनी सांगितलेला पंप धावण्यापूर्वी घेणे आणि दमा कायमचा असेल तर सूज कमी करणारे औषध न चुकवणे. दम्याच्या मुलाने खेळ सोडावा, ही समजूत मात्र टाकून द्यायला हवी. 1984 च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या 597 खेळाडूंपैकी 67 जणांना हा त्रास होता, आणि त्यांनी 41 पदके मिळवली.

सर्वांत अवघड आक्षेप हवेचा. वरोऱ्याजवळ इंग्रजी अमदानीत कोळसा निघू लागला. पुढे बल्लारपूर, घुग्घुस, दुर्गापूर असा खाणींचा पट्टा वाढला आणि 1980 च्या दशकात चंद्रपूरचे औष्णिक वीजकेंद्र धडाडू लागले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2009 च्या निर्देशांकात 83.88 गुणांसह चंद्रपूर प्रदूषणात देशात चौथे होते. गडचिरोलीच्या जंगलातही उन्हाळ्यात मोह-तेंदूच्या हंगामात वणव्यांचा धूर असतो, आणि घराघरांत चुलीचा. मग मुलाच्या हाती पंप देणे म्हणजे धुराड्याला माफी नव्हे काय? मला तसे वाटत नाही. गुदमरणाऱ्या मुलाला हवा स्वच्छ होईपर्यंत थांबा असे सांगता येत नाही. शिवाय धुराड्याविरुद्धचे आपले बहुतेक पुरावे यंत्रांनी टिपलेल्या धूलिकणांचे आहेत, आणि त्या आकड्यांवर वर्षानुवर्षे वाद घालता येतो. खाणपट्ट्यातल्या दुर्गापूर आणि गडचिरोलीच्या जंगलातल्या भामरागडच्या मैदानांवर एकाच महिन्यात, एकाच पद्धतीने मुलांची फुंक मोजून नोंदवहीत उतरवली, तर प्रदूषण मंडळापुढे धूलिकणांच्या जोडीला मुलांच्या छातीचे आकडे ठेवता येतील.