मोटरहोममध्ये पाणी कुठून गळतंय? आधी पंप ऐका, मग पाना हातात घ्या

घरातला नळ गळायला लागला की आपण खाली बादली ठेवतो आणि प्लंबर येईपर्यंत निवांत बसतो. मोटरहोममध्ये ही चैन नसते. इथे पाइप फर्निचरच्या मागून आणि फ्लोअरच्या प्लायखालून जातात, आणि हातभर अंतरावर बॅटरी आणि इन्व्हर्टर असतो. सेकंदाला एकच थेंब पडतोय आणि २० थेंबांचं १ मिलिलिटर होतं असं धरलं, तरी दिवसाला ४ लिटरपेक्षा जास्त पाणी होतं. ते सगळं प्लायमध्ये मुरतं. बाहेरून काही दिसत नाही. कपाट उघडल्यावर कुबट वास येतो किंवा पायाखालची जमीन मऊ लागते, तेव्हा कुठे कळतं, आणि तोवर प्लाय कुजायला लागलेला असतो.

बरेच जण ओल दिसली की तिथलाच जॉइंट खोलायला घेतात. मी उलट सांगेन. काहीही खोलायच्या आधी गळती कोणत्या भागात आहे ते ठरवा. आणि ते सांगणारं यंत्र गाडीत आधीच बसवलेलं असतं, ते म्हणजे पाण्याचा पंप.

पंप काय सांगतो?

रचना सोपी आहे. चांगल्या पाण्याची टाकी, तिच्यापुढे जाळीचा फिल्टर, मग १२ व्होल्टचा पंप. पंपानंतर लाइनचे दोन भाग होतात: एक थंड पाण्याचा, दुसरा गीझरमधून जाणारा गरम पाण्याचा. पंपात एक प्रेशर स्विच असतो. नळ उघडला की लाइनमधलं प्रेशर पडतं आणि पंप सुरू होतो. नळ बंद केला की प्रेशर ठरावीक आकड्यापर्यंत चढतं, बऱ्याच पंपांत ४० ते ५५ पीएसआय, आणि पंप थांबतो.

म्हणजे सगळे नळ बंद असताना पंप मध्येच "टर्र" करून दोन सेकंद चालला, तर लाइनमधलं पाणी कुठेतरी जातंय.

आता मोबाइल काढा. टाकी भरा, सगळे नळ उघडून लाइनमधली हवा जाऊ द्या, नळ घट्ट बंद करा. पंप थांबला की फोनमधलं व्हॉइस रेकॉर्डर चालू करून फोन पंपाशेजारी ठेवा आणि तासभर बाहेर फिरून या. नंतर पूर्ण रेकॉर्डिंग ऐकायची गरज नाही. आवाजाचा जो ग्राफ दिसतो त्यात पंप चालल्याचे उंचवटे वेगळे कळतात. दर पाच मिनिटांनी उंचवटा असेल तर गळती मोठी, तासात एकदाच असेल तर बारीक. हे रेकॉर्डिंग डिलीट करू नका, दुरुस्तीनंतर तुलनेला लागेल.

उंचवटे आले म्हणजे गळती पंपाच्या पुढच्या, प्रेशरच्या लाइनमध्ये आहे. याला एक अपवाद आहे. पंपाच्या आत पाणी मागे जाऊ न देणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. त्यात कचरा अडकला की पाणी गुपचूप टाकीत परत जातं, बाहेर एक थेंब पडत नाही आणि पंप मात्र टरटरत राहतो. पंपानंतर लगेच बंद करायचा कॉक असेल तर तो बंद करून बघा. तरीही पंप मधून मधून चालला तर दोष पंपात किंवा त्या तेवढ्या तुकड्यात आहे. शांत राहिला तर पुढे शोधा.

उंचवटे अजिबात नाहीत पण ओल आहे? मग प्रेशरची लाइन सोडा. सिंकखालचा सांडपाण्याचा पाइप, शॉवरचा तळ, टाकीची फिटिंग, टाकी भरायचा पाइप हे बघा. टाकी आणि पंप यांच्यामधला जॉइंट सैल असेल तर पंप हवा ओढतो आणि नळातून पाणी फसफसत येतं, तीही खूण लक्षात ठेवा. आणि कधीकधी ते पाणी प्लंबिंगचं नसतंच. छतावरच्या व्हेंटची सील गेलेली असते किंवा एसीचं पाणी आत उतरत असतं. ओलीचा रोज एक फोटो काढा. फोटोवर तारीख असतेच. पाऊस पडलेल्या दिवशीच डाग वाढतोय असं दिसलं तर छतावर चढा.

खोलण्याआधी

बाहेरून घेतलेली २३० व्होल्टची वायर काढा, इन्व्हर्टर बंद करा, पंपाचा फ्यूज काढा. गीझर बंद करून थंड होऊ द्या. मग नळ उघडून लाइनमधलं प्रेशर सोडा. यात घाई नको, कारण ओला प्लाय आणि चालू इन्व्हर्टर यांच्यामध्ये हात घालायची वेळ येते.

नेमकी जागा कशी सापडते

ओल जिथे दिसते तिथे गळती असेलच असं नाही. पाणी पाइपच्या अंगावरून, चॅसिसच्या पट्टीवरून वाहत गाडीच्या उताराकडे जातं आणि तिथे साठतं. म्हणून ओलीपासून वरच्या बाजूला शोधत जा.

माझी आवडती पद्धत अगदी स्वस्त आहे. सगळे जॉइंट कोरड्या फडक्याने पुसायचे, प्रत्येकाभोवती टिश्यू पेपर गुंडाळायचा आणि पंप चालू करायचा. बोटाला न कळणारी ओल टिश्यूवर लगेच डाग पाडते. हात पोचत नाही तिथे फोनच्या यूएसबी पोर्टला लागणारा एंडोस्कोप कॅमेरा कामी येतो. तो मोठ्या किमतीचा नसतो, पण घेण्याआधी तुमच्या फोनला ओटीजी चालतं का ते तपासा.

तरीही सापडत नसेल तर हवेची चाचणी. लाइन रिकामी करायची, गीझर बायपास करायचा, आणि टायरच्या व्हॉल्व्हचा अडॅप्टर लावून टायरमध्ये हवा भरायच्या पंपाने लाइनमध्ये हवा भरायची. ३० पीएसआयच्या वर जायचं नाही, कारण कोंडलेली हवा पाण्यापेक्षा जास्त जोरात फिटिंग उडवते. मग जॉइंटवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले की चोर सापडला. पंक्चरवाला टायर पाण्यात बुडवून जे करतो तेच हे.

दुरुस्ती

घरातला आरओ प्युरिफायर कधी उघडा पाहिला असेल तर त्यातले पांढरे पाइप आणि ढकलून बसवायचे कनेक्टर आठवा. मोटरहोममध्ये बहुधा तीच जात असते, फक्त पाइप जाड. हे पुश-फिट जॉइंट गळतात ते बहुतेक तीन कारणांनी: पाइप पूर्ण आत गेलेला नाही, टोक तिरकं कापलंय, किंवा पाइपवर ओरखडा आहे. कनेक्टरची कडा आत दाबून धरा आणि पाइप ओढा. टोकाकडचा खराब तुकडा पाइप कटरने सरळ कापून टाका, हॅकसॉ वापरू नका. आतला रबरी ओ-रिंग बघा, चिरला असेल तर कनेक्टर बदला. पाइप किती आत जातो ती खूण मार्करने करा, खुणेपर्यंत ढकला आणि शेवटी एकदा मागे ओढून बघा. ओढूनही जागचा हलला नाही तर जॉइंट बसला.

आट्यांच्या फिटिंगला टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने तीन-चार वेढे. पण ज्या नटाच्या आत रबरी वायसर असतो तिथे टेप लावायची नाही. तिथे सील वायसर करतो, टेपमुळे नट उलट नीट बसत नाही. प्लास्टिकचा नट हाताने आवळून वर पान्याने जेमतेम पाव फेरा पुरे. सिंकखालचे नट तर गाडीच्या हादऱ्यांनी आपोआप सैल होतात, ते हातानेच आवळायचे.

आपल्याकडे टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेल्या गाड्यांमध्ये कधीकधी घरासारखं चिकटवलेलं सीपीव्हीसी दिसतं. भिंतीत ते उत्तम. पण गाडी हलते, कडक पाइप हलत नाही, आणि सगळा ताण एल्बोवर येतो. तिथे दोनदा चीर पडली असेल तर तिसऱ्यांदा चिकटवत बसू नका, तेवढा भाग लवचिक पेक्स पाइपने बदला. तसंच एम-सीलचं. लवचिक पाइपच्या जॉइंटवर ते टिकत नाही, आणि पुढच्या वेळी फिटिंग खोलताही येत नाही. वाटेत निभवायला स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन टेप ताणून गुंडाळा आणि घरी आल्यावर नीट काम करा.

टाकी बहुतेक पॉलिथिलीनची असते, तिला साधा गोंद धरत नाही. फिटिंगपाशी गळत असेल तर गॅस्केट बदलून काम होतं. टाकीलाच चीर असेल तर प्लास्टिक वेल्डिंग करणारा गाठा.

गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी तापताना थोडं ठिबकतो. तापलेलं पाणी फुगतं, त्याला वाट हवी असते. ही गळती नाही. गीझर थंड असतानाही ठिबकत असेल तर लिव्हर दोन-तीनदा उचलून क्षार वाहून जाऊ द्या, नाहीतर व्हॉल्व्ह बदला. त्याला बूच मात्र कधीही मारू नका, टाकी फुटू शकते.

थंडीत लडाख-स्पितीला जाणाऱ्यांनी, आणि अमेरिका-कॅनडातल्या मंडळींनी तर नक्कीच, गाडी उभी करताना लाइन रिकामी करावी. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं. फिटिंगला तडा तेव्हाच जातो, पण गळती दिसते बर्फ वितळल्यावर.

दुरुस्ती झाली की पुन्हा तासाभराचं रेकॉर्डिंग करून जुन्याशी ताडून बघा. मग टिश्यू तसेच ठेवून खराब रस्त्यावर वीस-तीस किलोमीटर गाडी फिरवा आणि परत तपासा. पॅनल लगेच बंद करू नका, प्लाय पंख्याखाली पूर्ण सुकू द्या, नाहीतर आत बुरशी धरते. सिंकखाली आणि पंपाजवळ पाणी लागलं की वाजणारा छोटा सेन्सर टाकून ठेवा. आणि गाडी चालवताना, तसंच रात्री झोपताना, पंपाचा स्विच बंद.