ठिपक्यांची रेषा

संगणकावर चित्र काढणारा प्रोग्रॅम शिकवायचा, तर सुरुवात कोठून करावी? सेनगावच्या एखाद्या शिक्षकाने असे विचारले, तर त्याला बहुधा सॉफ्टवेअरचे नाव सांगितले जाईल. त्याआधी मुंबईच्या एका जुन्या यंत्राकडे पाहू.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने बांधलेला ‘टिफरॅक’ हा संगणक १९६० साली पूर्णपणे कामाला लागला. (हे नाव त्याला १९६२ मध्ये मिळाले.) त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. आलेख आणि अक्षरे दाखवण्यासाठी जुन्या दूरचित्रवाणी संचात असे तशी कॅथोड किरण नळीही जोडलेली होती. स्मृती मात्र २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. म्हणजे एकूण ८१,९२० बिट. नंतरच्या काळातल्या ६४० गुणिले ४८० ठिपक्यांच्या पडद्यावरचे साधे काळेपांढरे चित्र साठवायलाच ३,०७,२०० बिट लागतात! एवढ्या तुटपुंज्या जागेत चित्र साठवून ठेवण्यापेक्षा ते गणिताने घडवणेच भाग होते.

१९६२ साली अमेरिकेत आयबीएममध्ये जॅक ब्रेसनहॅम कागदावर रेघा ओढणारे यंत्र संगणकाकडून चालवून घेत होते. त्यांनी शोधलेली रीत १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिला लागते फक्त पूर्णांकांची बेरीज, वजाबाकी आणि तुलना. अपूर्णांक नाहीत, भागाकार नाही.

चौकटीची वही घ्या. (०,०) पासून (५,२) पर्यंत रेषा हवी आहे. दर पावलाला एक घर उजवीकडे सरका आणि शिलकेत २ मिळवा. शिलकेची दुप्पट ५ पेक्षा जास्त झाली, तर एक घर वरही चढा आणि शिलकेतून ५ वजा करा. शिल्लक अशी येईल : २, −१, १, −२, ०. ठिपके पडतील (१,०), (२,१), (३,१), (४,२), (५,२) येथे. आता विद्यार्थ्यांना (२,५) पर्यंतची रेषा काढायला सांगा. ही रीत अडते. मग उजवी आणि वरची दिशा यांची अदलाबदल मुलांनाच सुचू द्यावी. आमच्या मते पहिला प्रोग्रॅम हाच. यंत्र नंतर आले तरी चालेल.

नरसिंहन मात्र पुढे उलट्या प्रश्नाकडे वळले. १९६० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात ते बुडबुडा-कक्षाच्या छायाचित्रांवर काम करत होते. अणूहून सूक्ष्म कणांचे मार्ग तेथे बुडबुड्यांच्या माळांसारखे दिसतात. भाषेला व्याकरण असते तसे चित्रालाही असेल, या कल्पनेने ते संगणकाला ठिपक्यांतून रेषा ओळखायला शिकवत होते.