कुत्रा, मूल आणि आवाजाची पेटी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आवाजाच्या धंद्यातली दोन चित्रं आपल्याकडे घराघरांत पोचली. पहिलं, कर्ण्यापुढे मान तिरकी करून बसलेल्या कुत्र्याचं. हिज मास्टर्स व्हॉइसच्या तबकड्यांवर ते असायचं आणि जुनी माणसं कुत्रा बघूनच तबकडी ओळखायची. दुसरं, ओठाशी बोट नेलेल्या मर्फी रेडिओच्या गुटगुटीत बाळाचं. गंमत पाहा, आवाजाची यंत्रं विकायला कंपन्यांनी कुत्रा आणि मूल निवडलं; आणि ती यंत्रं घरी आल्यावर माणसाला सगळ्यात जास्त जपावी लागली ती कुत्र्या-मांजरांपासून आणि मुलांपासूनच! रेडिओ आणि स्टिरिओ दुरुस्तीच्या दुकानात माझी तीसेक वर्षं गेली. त्या काळात जे हाताखालून गेलं आणि जे वाचलं, त्यावरून या झटापटीचा छोटासा इतिहास आज सांगणार आहे.

त्या कुत्र्याचं नाव निपर. इंग्रजीत 'निप' म्हणजे हलकेच चावा घेणं. आल्यागेल्याच्या पोटऱ्या धरायची सवय म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. निपर 1895 मध्ये वारला. त्यानंतर फ्रान्सिस बॅरॉ या इंग्रज चित्रकारानं त्याचं चित्र काढलं. मूळ चित्रात होता एडिसन पद्धतीचा फोनोग्राफ. 1899 मध्ये लंडनच्या ग्रामोफोन कंपनीनं चित्र विकत घेण्याची तयारी दाखवली, पण अट घातली की फोनोग्राफ पुसून तिथं आमचा ग्रामोफोन काढा. तसं झालं आणि चित्र व त्याचे हक्क मिळून 100 पौंडांना सौदा ठरला. चित्रातला निपर फार गुणी आहे. पोटऱ्या धरणारा खराखुरा निपर त्या पॉलिश केलेल्या टेबलावर इतका शहाण्यासारखा बसला असता का, याची मला शंकाच आहे.

कर्ण्याच्या ग्रामोफोनला लहान हातांपासून धोका होताच. आवाज निर्माण करायचा तो अभ्रकाचा पातळ पडदा. सुई त्याला कंप द्यायची आणि कर्णा तो कंप मोठा करायचा. अभ्रक तडकलं की आवाज गेला. तबकड्या लाखेच्या, हातातून सुटली की तुकडे. लाख मात्र बरीचशी आपल्याच देशातून जायची, आणि 1908 मध्ये कलकत्त्याच्या सियालदह भागात तबकड्यांचा कारखानाही निघाला. पुढे अमेरिकेत व्हिक्टर कंपनीनं 1906 मध्ये 'व्हिक्ट्रोला' आणला. त्यात कर्णा वाकवून लाकडी कपाटात बसवला, वर झाकण आणि पुढे दोन दारं. बैठकीत तो भला मोठा कर्णा बरा दिसत नाही, हे त्यामागचं मुख्य कारण. दारं कमी-जास्त उघडली की आवाजही कमी-जास्त होई. पण त्यासोबत आणखी एक गोष्ट घडली: आवाजाच्या तोंडावर पहिल्यांदाच दार आलं. दार लावलं की आत कुणाचा हात जाणार नाही.

आज आपण ज्याला स्पीकर म्हणतो, तो 1925 साली चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिकमधल्या दोन अमेरिकन अभियंत्यांनी शास्त्रशुद्ध मांडला. त्याची रचना आजही जवळजवळ तीच आहे. एक कागदी कोन, त्याच्या बुडाशी बारीक तारेची कॉइल, आणि ती कॉइल चुंबकाच्या फटीत अधांतरी. वीज आली की कॉइल मागे-पुढे हलते आणि तिच्याबरोबर कोन हवा ढकलतो. कॉइल आणि लोखंड यांच्यामधली जागा जेमतेम केसाएवढी. कोन एका बाजूनं दाबला गेला, की कॉइल घासू लागते आणि लताबाईंच्या तानेतही खरखर येते. गिऱ्हाईक म्हणायचं, "आवाज बसला." बसलेली असायची कॉइल.

म्हणजे पंचाईत अशी. कोन मोकळा हवा, नाहीतर आवाज बाहेर येणार नाही. आणि झाकलेला हवा, नाहीतर बोट आत जाईल. या पंचाइतीतून जन्मलं ते रेडिओच्या तोंडावरचं कापड. सोनेरी जर मिसळलेलं, सैल विणीचं. पुष्कळांना वाटतं ती शोभा आहे. शोभा तर आहेच, पण ते कापड म्हणजे एक तडजोड आहे. फार घट्ट विणलं तर आवाज दबतो, फार सैल विणलं तर पेन्सिल आत जाते.

मुंबईचं नभोवाणी केंद्र 23 जुलै 1927 ला सुरू झालं. त्यानंतर हळूहळू मध्यमवर्गीयांच्या घरांत रेडिओ आला आणि त्याची जागा ठरली: उंच फळी किंवा भिंतीतला कोनाडा. वर आईनं किंवा मावशीनं विणलेला क्रोशाचा रुमाल. ही उंची उगाच नव्हती. व्हॉल्व्हच्या रेडिओत दोन-अडीचशे व्होल्ट खेळत असायचे आणि व्हॉल्व्ह चांगलेच तापायचे. मागचं झाकण साध्या पुठ्ठ्याचं, त्याला हवेसाठी भोकं. तिथून पाली शिरायच्या, उबेला उंदीर यायचे, तारांचं वेष्टण कुरतडायचे. मूल तिथं पोचलंच नाही पाहिजे, असा सगळा बंदोबस्त असे. बटण फिरवायचा मान घरातल्या एकाच माणसाचा.

आणखी एक जाळी होती, ती डोळ्यांना दिसायची नाही. ती म्हणजे आदराची. 1955 मध्ये पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींचं संगीत. त्या वर्षभरात कित्येक घरांत कार्यक्रमाच्या आधी रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत. ज्या वस्तूला हार घातला, तिच्यात मूल काडी कशाला घालील? त्या पिढीचे रेडिओ इतके टिकले, याचं थोडं श्रेय मी त्या हाराला देतो.

हे चित्र बिघडलं स्टिरिओमुळे. दोन कानांसाठी दोन वाटांनी आवाज द्यायचा, ही कल्पना ॲलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्यानं 1931 मध्येच पेटंटसाठी नोंदवली होती. पण स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या 1958 च्या सुमारास. एका पेटीच्या दोन झाल्या. आणि नियम असा आला की दोन पेट्या आणि ऐकणारा यांचा त्रिकोण व्हावा, व बारीक आवाजाचा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या पातळीवर असावा. खुर्चीवर बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून साधारण एक मीटरवर येतो. आता जरा हिशेब करा. तीन वर्षांच्या मुलाची उंची किती? साधारण तेवढीच! फळीवरचा आवाज खाली उतरला तो नेमका मुलाच्या नाकासमोर. आपल्याकडे तर खाली सतरंजीवर बसून गाणं ऐकायची पद्धत. तेव्हा पेटी आणखी खाली आली, थेट मांजराच्या पंजापाशी.

त्याच सुमारास पेट्या लहानही झाल्या. अमेरिकेत एडगर विलचर यांनी 1954 मध्ये हवाबंद पेटीची युक्ती काढली. पेटीत कोंडलेली हवाच स्प्रिंगसारखं काम करते, त्यामुळे छोट्या पेटीतूनही ढोलकीचा भारदस्त ठेका ऐकू येऊ लागला. त्यांच्या कंपनीनं पुढे घुमटाच्या आकाराचा ट्वीटर आणला. हा घुमट दिसतो एखाद्या बटणासारखा किंवा चघळायच्या गोळीसारखा. कुणाही मुलानं तो दाबून बघावा, असाच त्याचा आकार! रेशमी घुमट दाबला गेला तर चिकटपट्टीनं अलगद वर ओढून घेता येतो. ॲल्युमिनियमचा घुमट मात्र वर आला तरी त्यावर सुरकुती राहते.

इंग्लंडमध्ये पीटर वॉकर यांनी 1957 मध्ये आणलेल्या क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरमध्ये तर कोनच नाही. पातळ पडदा आणि त्यावर हजारो व्होल्टचा दाब. त्याच्या पुढची धातूची जाळी बघून लोकांना तो खोली तापवायचा हीटर वाटायचा. पण विचार करा, ही जाळी कुणाचं रक्षण करत होती? पडद्याचं मुलापासून आणि मुलाचं पडद्यापासून. दोन्ही बाजूंनी पहारा देणारी जाळी ती.

फॅशनही आडवी आली. 1970 मध्ये जेबीएल कंपनीच्या एल 100 या स्पीकरवर कापडाऐवजी चौकड्यांच्या स्पंजचं तोंड आलं. नारिंगी, निळं, तपकिरी. सुंदर दिसे, पण मुलांना स्पंज चिमटून काढायला फार आवडतो आणि मांजरांना तो ओरबाडायला. वर काही वर्षांत तो आपोआपच भुगा होतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर लवकरच. कोनाच्या कडेला जो स्पंजचा गोल असतो, त्याचीही हीच गत. कित्येकदा मुलांच्या नावानं लिहिलेला गुन्हा हवेचा असायचा, हे मी आलेल्या पालकांना दुकानात दाखवून देत असे.

मांजराबद्दलही गैरसमज आहे. मांजर स्पीकरचं कापड ओरबाडतं ते खोडी म्हणून नव्हे. ताठ उभं राहून अंग ताणायला, नखांचं जुनं कवच काढायला आणि पंजांतल्या ग्रंथींचा वास ठेवून "ही जागा माझी" असं सांगायला त्याला उभा, खरखरीत पृष्ठभाग लागतो. स्पीकर त्याला अगदी मापाचा मिळतो. म्हणून हाकलून उपयोग नाही. शेजारी काथ्या गुंडाळलेला एक हलणार नाही असा खांब उभा करा, तो पेटीपेक्षा उंच ठेवा. बहुतेक मांजरं तिकडे वळतात.

पेटीला जे गोल भोक असतं, ज्यातून खर्जाचा आवाज बाहेर येतो, त्याचं पेटंट 1932 चं. आमच्या दुकानात या भोकातून काय काय निघालं, ते सांगितलं तर हसाल. गोट्या, पेन्सिली, चार आण्यांची नाणी, अर्धा बेसनाचा लाडू; आणि लाडवामागोमाग आलेली मुंग्यांची रांग. एका पेटीत उंदराचं अख्खं बाळंतपण झालेलं होतं. भोकाच्या आतल्या बाजूला विरळ जाळी लावली की हे सगळं थांबतं आणि आवाजालाही फारसा धक्का लागत नाही.

एक प्रसंग मात्र हसण्यासारखा नव्हता. एक गृहस्थ ट्वीटर आत गेलेला स्पीकर घेऊन आले. बरोबर पाच-सहा वर्षांचा मुलगा, गालावर बोटं उठलेली. मी मुलाला विचारलं, "का रे दाबलंस बाळा?" तो हळूच म्हणाला, "मोठं ते हलत होतं. छोटं हलत नव्हतं." पाहा, किती नेमकं निरीक्षण! वूफर हलताना दिसतो, ट्वीटर हजारो वेळा हलतो पण डोळ्यांना दिसत नाही. मी भंगारातला एक स्पीकर काढला, दीड व्होल्टचा सेल त्याच्या तारांना टेकवला. टक् आवाज होऊन कोन पुढे आला. सेल उलटा केला, कोन मागे गेला. मुलानं तेच वीस वेळा केलं. वडील बघत राहिले. तो स्पीकर मी मुलाला देऊन टाकला. ट्वीटर दुसरा मिळाला; मुलाच्या मनातला तो प्रश्न मार खाऊन विझला असता तर तो कुठल्या दुकानात मिळणार होता?

इतक्या वर्षांनी मला वाटतं, आपण प्रश्न उलटा विचारत आलो. पेटी मुलापासून कशी वाचवायची, हे ठीक. पण मूल पेटीपासून कसं वाचवायचं? उंच, अरुंद स्पीकर वीस-पंचवीस किलोचा असू शकतो आणि त्याला धरून उभं राहायला शिकणारं मूल त्याला अंगावर ओढून घेऊ शकतं. म्हणून त्याला मागून पट्ट्यानं भिंतीशी जखडा. स्टँडवर ठेवायचा तर स्टँड पोकळ न ठेवता वाळूनं भरा. तारा भिंतीलगत पट्टीत घ्या, म्हणजे त्या पायात येणार नाहीत आणि गळ्यातही. रिमोटमधला बटणासारखा सेल पोटात गेला तर अन्ननलिका जाळतो. त्याच्या झाकणाला स्क्रू आहे ना, हे आजच बघा. आणि तोंडावर कापडाऐवजी बारीक भोकांची पत्र्याची जाळी बसवता आली तर उत्तम.

शेवटची गोष्ट कानांची. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये कानाला लावून ऐकायच्या उपकरणांसाठी मर्यादा सांगितली: मोठ्यांना आठवड्याला 40 तास 80 डेसिबल, आणि मुलांना 75. मोठा आवाज ओळखत नाही, तो कानातल्या यंत्रातून येतो की पेटीतून. पेटीला कान लावून बसणारं मूल आपल्यापेक्षा किती तरी मोठा आवाज ऐकत असतं. ट्वीटरचा घुमट बदलता येतो. आतल्या कानातल्या सूक्ष्म केसांच्या पेशी एकदा गेल्या, की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

तेव्हा जाळी जरूर लावा. पण आवाज कमी ठेवून, आपण शेजारी बसून, मुलाला त्या जाळीवर तळहात ठेवू द्या. तबल्याचा बायाँ वाजला की हवा हाताला लागते. ती एकदा हाताला लागली, की मुलाला बोट आत घालून बघायची गरज बहुधा उरत नाही.