इंटरनेट दूरध्वनीतील सदोष ध्वनिपॅकेटांची हाताळणी

दोन इंटरनेट दूरध्वनी यंत्रणा परस्परांशी जोडल्या असता एकीकडून आलेली काही ध्वनिपॅकेटे दुसरीला समजत नाहीत किंवा अनपेक्षित वाटतात. अशी पॅकेटे गाळणे, दुरुस्त करणे किंवा तशीच पुढे धाडणे यास सदोष ध्वनिपॅकेटांची हाताळणी म्हणतात. हे काम प्रामुख्याने दोन जाळ्यांच्या सीमेवरील 'सेशन बॉर्डर कंट्रोलर' हे उपकरण करते.

पार्श्वभूमी

कॉल जोडण्याचे व तोडण्याचे काम एसआयपी हा प्रोटोकॉल करतो, तर प्रत्यक्ष आवाज आरटीपी पॅकेटांतून जातो. आरटीपी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे सुधारित रूप आरएफसी ३५५० (२००३) मध्ये दिले आहे. प्रत्येक पॅकेटाच्या शीर्षकात पेलोडचा प्रकार, अनुक्रमांक, वेळदर्शक आणि स्रोताची ओळख असते. जी.७११ कोडेकमध्ये २० मिलिसेकंदांचा आवाज १६० बाइटांत मावतो व सेकंदाला ५० पॅकेटे निघतात. प्रत्येक पॅकेटागणिक अनुक्रमांक १ ने आणि वेळदर्शक १६० ने वाढतो.

दोषांचे प्रकार

* न ठरलेला प्रकार: बोलणारा थांबला असता काही यंत्रे पार्श्वध्वनीची माहिती देणारी पॅकेटे (प्रकार १३) पाठवतात. कॉल जोडताना ती ठरलेली नसल्यास समोरचे यंत्र गोंधळू शकते.
* कोडेकमधील फरक: भारत व युरोपात जी.७११ चा ए-लॉ (प्रकार ८), तर उत्तर अमेरिका व जपानमध्ये म्यू-लॉ (प्रकार ०) वापरतात. एकाचा उलगडा दुसऱ्याच्या नियमाने केल्यास आवाज विकृत होतो.
* कळांचे संकेत: आरएफसी ४७३३ (२००६) नुसार दाबलेले अंक स्वतंत्र पॅकेटांतून जातात. त्यांचा प्रकार-क्रमांक दोन्ही बाजूंना वेगळा असून सीमेवर बदलला गेला नाही, तर संभाषण नीट चालते. मात्र बँकेच्या स्वयंचलित सेवेला अंक पोहोचत नाहीत.
* स्रोतातील बदल: कॉल दुसरीकडे वळवल्यावर स्रोताची ओळख व अनुक्रमांक अचानक बदलतात. काही यंत्रे ही पॅकेटे जुनी समजून टाकून देतात आणि आवाज एकाच दिशेने जाऊ लागतो.

गाळणे व पुनर्क्रमांकन

न समजणाऱ्या प्रकाराच्या पॅकेटांकडे ग्राहक यंत्राने दुर्लक्ष करावे, असा आरएफसी ३५५० चा नियम आहे. मधल्या उपकरणाला मात्र पॅकेट नुसते गाळून चालत नाही. समजा, इचलकरंजीतील एखाद्या सूत व्यापाऱ्याच्या कार्यालयातून मुंबईला कॉल चालू आहे आणि सीमेवरील उपकरणाने ५०२ क्रमांकाचे पॅकेट गाळले. मुंबईकडील यंत्राला ५०१ नंतर ५०३ दिसते व ते एक पॅकेट हरवल्याची नोंद करते. अशा नोंदी वाढल्या की जाळे निर्दोष असूनही दोषाचा शोध तेथेच घेतला जातो. म्हणून ५०३ ला ५०२ असा क्रमांक देऊन पुढील सर्व क्रमांक त्याप्रमाणे बदलतात. वेळदर्शक मात्र बदलत नाहीत, कारण मधला काळ खरोखरच गेलेला असतो. गुणवत्तेचे आरटीसीपी अहवालही या बदलाशी जुळवावे लागतात.

सुरक्षितता

एसआरटीपी (आरएफसी ३७११, २००४) मध्ये पॅकेटाची सत्यता तपासताना अनुक्रमांकही विचारात घेतला जातो. त्यामुळे पुनर्क्रमांकनासाठी उपकरणाला पॅकेट उलगडून पुन्हा कूटबद्ध करावे लागते. म्हणजेच कूटलेखनाच्या किल्ल्या त्याच्याकडे असाव्या लागतात आणि टोकापासून टोकापर्यंतची गोपनीयता सीमेवर खंडित होते. याउलट, कोणत्याही पत्त्यावरून आलेले पॅकेट स्वीकारणेही धोक्याचे असते. २०१७ मध्ये उघड झालेल्या 'आरटीपी ब्लीड' या त्रुटीत त्रयस्थाने पॅकेटे पाठवल्यास कॉलचा आवाज त्याच्याकडे वळू शकत असे.

भारतातील स्थिती

भारतात १ एप्रिल २००२ पासून मर्यादित स्वरूपात इंटरनेट दूरध्वनीस परवानगी मिळाली. देशांतर्गत दूरध्वनी जाळ्याशी जोडणीस मात्र तेव्हा मुभा नव्हती. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१७ च्या शिफारशींनंतर २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने परवानाधारक कंपन्यांसाठी हा मार्ग मोकळा केला.