अमेरिकेंतील आद्य टपालछापांचीं पत्रें व त्यांच्या पाठीवरील साक्ष

जुनें पत्र हातीं आलें म्हणजे वाचक प्रथम मायना पाहतो, मग मजकूर आणि शेवटीं मिति. नक्कल उतरून झाली कीं त्याचें काम संपतें. पत्राची पाठ पाहणारे थोडे. आपल्या दप्तरांतील कागदांवर पैवस्तीची तारीख टांकलेली असते. ती नक्कलेंत आली नाहीं तर पत्रास वाटेंत किती दिवस लागले, उत्तर लिहिणारास तें केव्हां कळलें, हें ठरविण्याचें साधनच नाहींसें होतें. हा दोष किती मोठा आहे हें उत्तर अमेरिकेंतील जुन्या पत्रांचा अभ्यास करितांना मला फार स्पष्टपणें कळून आलें. त्या पत्रांच्या पाठीवर पाठविणाराचें व घेणाराचें अक्षर असतेंच. पण शिवाय एका तिसऱ्या माणसाची खूण असते. तो टपालकचेरीचा कारकून. लिहिणारा व वाचणारा हे दोघेही पक्षकार. कारकुनास आंतील मजकुराशीं कांहीं कर्तव्य नसतें. गांव, दिवस आणि हशील एवढेंच तो लिहितो. म्हणून त्याची साक्ष तिऱ्हाइताची होय.

ही साक्ष कोठून सुरू होते तें थोडक्यांत सांगतों. सन १६३९ मध्यें मॅसाच्युसेट्स वसाहतीच्या सभेनें ठराव करून बॉस्टन येथील रिचर्ड फेअरबँक्स याचें घर समुद्रापलीकडून येणारीं पत्रें ठेवण्याची जागा म्हणून नेमिलें व दर पत्रामागें त्यास एक पेनी घेण्याची मोकळीक दिली. न्यूयॉर्कचा गव्हर्नर फ्रान्सिस लव्हलेस यानें महिन्यांतून एकदां बॉस्टनास जाणारा टपालाचा स्वार ठेविला. पहिला स्वार २२ जानेवारी १६७३ रोजीं निघाला. परंतु त्याच वर्षीं डचांनीं न्यूयॉर्क परत घेतलें आणि ती व्यवस्था बुडाली. पुढें १६९२ मध्यें थॉमस नील यास वसाहतींच्या टपालाची २१ वर्षांची सनद मिळाली. त्यानें स्वतः अमेरिकेंत पाऊल ठेविलें नाहीं. काम त्याचा मुतालिक अँड्र्यू हॅमिल्टन पाहत असे.

वरील स्वाराच्या तारखेविषयीं येथें एक सूचना केली पाहिजे. त्या काळच्या इंग्रजी पद्धतीप्रमाणें वर्षारंभ २५ मार्च रोजीं होई. म्हणून समकालीन कागदांत तो दिवस सन १६७२ च्या जानेवारींत पडतो. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले २४ दिवस यांतील कोणतेंही इंग्रज वसाहतीचें पत्र १७५२ पूर्वीचें असेल तर सनाची शहानिशा केल्याशिवाय त्याचा उपयोग करूं नये. १७५२ सालीं २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर धरून अकरा दिवस गाळले, तोही हिशेब ध्यानांत ठेवावा लागतो. सुहूर सनाचा आरंभ मृगापासून होतो हें विसरल्यानें मराठी पत्रांच्या कालनिर्णयांत एका वर्षाची चूक कशी होते हें वाचकांस ठाऊक आहे. ही चूक तिचीच बहीण.

छापेच्या योगानें ही अडचण सुटेल असें वाटतें, पण ती पुरती सुटत नाहीं. इंग्लंडांत हेन्री बिशप यानें १६६१ मध्यें सुरू केलेली छाप म्हणजे एक लहान वर्तुळ, त्यांत महिन्याचीं दोन अक्षरें व दिवसाचा अंक. पत्र कचेरींत किती दिवस पडून राहिलें हें लोकांस कळावें व कारकुनांस वचक बसावा एवढाच तिचा हेतु होता. पुढें अठराव्या शतकांत याच धाटणीचीं वर्तुळें न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बॉस्टन इत्यादि ठिकाणीं वापरांत आलीं. त्यांत सन नसे. शहराच्या नांवाची सरळ ओळींतली छापही त्याच शतकाच्या मध्याच्या सुमारास दिसूं लागते. सन पाहण्यास आंतील मजकुराकडेच जावें लागतें. म्हणजे आंत व बाहेर हे दोन्ही पुरावे परस्परांवांचून अपुरे. लहान गांवच्या पोस्टमास्तराजवळ तर शिक्काच नसे. तो गांवाचें नांव व तारीख टांकानें लिही. संग्राहकांस ठसठशीत शिक्क्याची आवड असल्यामुळें असे हस्तलिखित शेरे बरेच दिवस उपेक्षित राहिले. पण कित्येक लहान गांवांच्या पहिल्या टपालकचेरीचा पुरावा अशा दोन ओळींवरच उभा असतो.

आतां हशिलाच्या अंकाकडे वळूं. प्रस्तुत लेखकाच्या मतें या पत्रांचें सगळ्यांत मोलाचें अंग हेंच, आणि सगळ्यांत जास्त घोटाळाही येथेंच होतो. क्रांतीच्या आगेमागे लिहिलेल्या पत्राच्या कोपऱ्यावर २.१६ असा अंक आढळला तर नवशिक्या त्यास शिलिंग-पेन्स समजतो किंवा दशांश अपूर्णांक समजतो. दोन्ही चूक. ते दोन पेनीवेट सोळा ग्रेन, म्हणजे चांदीचें वजन आहे. चोवीस ग्रेनांचा एक पेनीवेट. हशील वजनांत लिहिण्याचें कारण असें कीं, प्रत्येक वसाहतीचा शिलिंग निराळ्या किंमतीचा होता. एकच स्पॅनिश डॉलर न्यू इंग्लंडांत सहा शिलिंगांचा, पेनसिल्व्हानियांत साडेसात शिलिंगांचा, तर न्यूयॉर्कांत आठ शिलिंगांचा धरीत. एका गांवीं लिहिलेली शिलिंगांची रक्कम दुसऱ्या गांवीं निरुपयोगी. चांदीचें वजन मात्र सर्वत्र सारखें. तीन पेन्स स्टर्लिंगास एक पेनीवेट हें मान. १७६५ च्या कायद्याप्रमाणें एका तावाच्या पत्रास साठ मैलांपर्यंत चार पेन्स, शंभरापर्यंत सहा व दोनशेंपर्यंत आठ पेन्स पडत; म्हणजे १.८, २ आणि २.१६. हे तीन अंक ज्यास पाठ आहेत तो पत्र न उघडतां तें किती दुरून आलें हें सांगूं शकतो. निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये बट्टा धरून मोजणाऱ्या आपल्याकडील सराफास ही युक्ति समजावून सांगावी लागली नसती.

१७९२ च्या कायद्यानें हशील सेंटांत आलें. तीस मैलांपर्यंत सहा सेंट, मग पायरीपायरीनें चढत साडेचारशें मैलांपलीकडे पंचवीस. आणि हें सारें एका तावास, दोन ताव असल्यास दुप्पट. वेगळा लिफाफा घातला तर तोही ताव मोजला जाई. म्हणून लोक पत्राचीच घडी घालून, लाखेनें किंवा टिकलीनें चिकटवून, पाठीवर पत्ता लिहीत. कागद वांचविण्यासाठीं उभ्या ओळींवर आडव्या ओळी लिहिण्याची खोडही याच दरामुळें लागली असावी. बहुतेक पत्रें नाटपेड जात आणि हशील घेणारा भरी. आगाऊ भरलें असल्यास तसा शेरा असे. पुढें १८१६ च्या दरांत साडेअठरा सेंट असा चमत्कारिक आंकडा येतो व १८२५ मध्यें तो पावणेएकोणीस होतो. हा विक्षिप्तपणा नव्हे. बाजारांत स्पॅनिश रियाल चाले, तो साडेबारा सेंटांचा. दीड रियाल म्हणजे बरोबर पावणेएकोणीस. १८४५ मध्यें तावांची मोजणी जाऊन अर्ध्या औंसाचें वजन आलें, १८४७ मध्यें पहिलीं तिकिटें निघालीं, आणि घडीच्या पत्राचे दिवस भरले.

या दरपत्रकाचा महाराष्ट्राच्या इतिहासाशींही एके ठिकाणीं संबंध येतो. सेलम येथें १८१२ मध्यें दीक्षा घेऊन निघालेले गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्यें मुंबईस उतरले. त्या वेळीं इंग्लंड व अमेरिका यांचें युद्ध चालू होतें आणि मुंबई सरकारनें त्यांस परत लावून देण्याचा हुकूम काढिला होता. तो अखेर अंमलांत आला नाहीं. त्यांचा पत्रव्यवहार ज्या मंडळाशीं चाले त्याचा चिटणीस सॅम्युअल वुस्टर हा १८२१ मध्यें वारेपर्यंत सेलम येथेंच धर्मोपदेशक होता. सेलम हें स्वतः हिंदुस्थानच्या व्यापाराचें बंदर, बॉस्टनपासून सुमारें पंधरा मैलांवर. आतां कायदा असा होता कीं, जहाजानें आलेलें पत्र त्याच बंदरीं द्यावयाचें असल्यास सहा सेंट घ्यावे. पुढें पाठवावयाचें असल्यास जमिनीवरील हशिलांत दोन सेंट मिळवावे. हे दोन सेंट कप्तानाच्या पत्रपोंचवणीचे. तेव्हां १ मे १८१६ नंतर मुंबईहून वुस्टर यास आलेल्या एका तावाच्या पत्रावर सहाचा अंक असेल तर जहाज सेलमास लागलें, आणि आठाचा असेल तर तें बॉस्टनास लागून पत्र तेथून गाडीनें आलें, असें अनुमान निघतें. शेराच नसेल तर तें कोणा प्रवाशाबरोबर खाजगी रीतीनें गेलें असण्याचा संभव अधिक. मुंबईहून अर्ध्या पृथ्वीचा फेरा घालून आलेल्या पत्रास सहा सेंट, आणि बॉस्टनहून न्यूयॉर्कास जाणाऱ्यास साडेअठरा! समुद्र सरकारच्या खर्चाचा नव्हता, घोडे होते.

या मिशनऱ्यांच्या पत्रांतील उतारे त्या काळीं बॉस्टनच्या ‘मिशनरी हेरल्ड’ या मासिकांत छापून येत; मुंबई इलाख्याच्या अभ्यासकांनीं ते पुष्कळ वापरले आहेत. परंतु छापील उताऱ्यांत पाठ येत नाहीं. मूळ कागद हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयांत आहेत.

बनावट कागद ओळखण्यासही या तिऱ्हाइताचा उपयोग होतो. बेंजामिन फ्रँकलिन १७३७ पासून फिलाडेल्फियाचा पोस्टमास्तर, १७५३ पासून सर्व वसाहतींचा संयुक्त उपप्रमुख, जानेवारी १७७४ मध्यें बडतर्फ आणि जुलै १७७५ मध्यें काँग्रेसचा पहिला पोस्टमास्तर जनरल. त्याचीं पत्रें त्याच्या सहीवर फुकट जात. ‘फ्री’ हा शब्द नांवाच्या आधीं न लिहितां तो ‘बी’ व ‘फ्रँकलिन’ यांच्यामध्यें लिही, त्यामुळें ‘स्वतंत्र हो, फ्रँकलिन’ असा राजकीय श्लेष होई, अशी एक गोड आख्यायिका आहे. श्लेष आम्हां संस्कृतवाल्यांस आवडतो. तरी उपलब्ध सह्यांची तारीखवार यादी लावून पाहिल्याशिवाय त्यावरून त्याच्या मनाचा पालट सिद्ध करूं नये. अशा नामांकित सह्यांना बाजार आला तशी बनावटही आली. एकोणिसाव्या शतकांत फिलाडेल्फियाचा रॉबर्ट स्प्रिंग हा पुस्तकविक्या जुन्या ग्रंथांचीं कोरीं पानें काढून त्यांवर वॉशिंग्टन व फ्रँकलिन यांचीं अक्षरें गिरवी. अक्षर साधतें. परंतु घडीच्या चुरगळलेल्या रेषा, लाख फोडतांना फाटलेला तुकडा, निराळ्या शाईंतला व निराळ्या हातचा हशिलाचा अंक, घेणाराच्या कारकुनानें टांकलेली पावल्याची तारीख, हें सर्व एकमेकांशीं जुळवून साधणें फार कठीण. एका अंकानें मैल चुकले कीं सारें उघडें पडतें.

आणि हाच पुरावा संग्राहकांनीं आपल्या हातानें कापून टाकिला, हें लिहितांना वाईट वाटतें. कित्येकांनीं छापेपुरता चौकोन कातरून वहींत चिकटविला. सह्या जमविणारांनीं सही तेवढी घेतली. राहिलेला कागद रद्दींत गेला. पुढें संपूर्ण पत्राची किंमत समजूं लागली तेव्हां दुसरा अनर्थ झाला. व्यापारी पेढ्यांचीं जुडगींच्या जुडगीं फोडून एकेक पत्र निरनिराळ्या गिऱ्हाइकांस विकलें गेलें. तीस पत्रें एकत्र असतीं तर कोणत्या महिन्यांत टपाल किती दिवसांनीं पोंचे हें त्यांवरून काढतां आलें असतें. सुटें पत्र एकच दिवस सांगतें. हॅरी कॉन्वायझर यांनीं १९३१ मध्यें व अलेक्स टर ब्राके यांनीं १९७५ मध्यें वसाहतकालीन टपालावर जे ग्रंथ प्रसिद्ध केले, त्यांच्या धाटणीच्या कामास असें विखुरलेलें साहित्य पुन्हां गोळा करावें लागतें, आणि विकणारानें मूळ जुडग्याची नोंद ठेविली नसेल तर तें गोळा होत नाहीं.

अहमदनगर, मुंबई व सोलापूर या बाजूस जुन्या अमेरिकन मिशनशीं संबंध असलेल्या घराण्यांत अशीं घडीचीं पत्रें कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांनीं तीं सपाट करूं नयेत, लाख खरवडूं नये, आणि नक्कल पाठवितांना पाठीवरील प्रत्येक अंक, त्याची जागा व शाईचा रंग यांसह कळवावा. पत्रें जुडग्यांत असतील तर जुडग्याची दोरी सोडण्यापूर्वीं त्यांचा अनुक्रम लिहून ठेवावा.