गग्ग भिक्खूला मिळालेला न्याय

आमच्या अभ्यासवर्गात विनयपिटकाचे वाचन चालू असताना एका नावापाशी आम्ही थांबलो. ते नाव गग्ग. सारिपुत्त, मोग्गल्लान, आनंद, उपाली यांच्या कथा आपण मुलांना सांगतो. गग्गाची कथा कोणी सांगत नाही. त्याच्या नावावर एकही प्रवचन नाही. तो मनाने आजारी होता, एवढीच त्याची ओळख. तरीही त्याच्यासाठी भिक्खुसंघाला दोन स्वतंत्र ठराव करावे लागले. ते ठराव वाचताना आम्हांला आमच्याच घरांतील कुजबुज आठवली, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिला प्रसंग महावग्गातील आहे. उपोसथाच्या दिवशी सीमेतील सर्व भिक्खूंनी एकत्र येणे बंधनकारक असे. गग्ग आला नव्हता. तो कधी उपोसथ लक्षात ठेवी, कधी विसरे. कधी येई, कधी येत नसे. अशा भिक्खूसाठी तथागतांनी ‘उम्मत्तकसम्मुती’ घालून दिली. संघाने त्याच्या आजाराची उघडपणे नोंद घ्यायची आणि तो उपस्थित असो वा नसो, उपोसथ पार पाडायचा. त्याची गैरहजेरी अपराध ठरली नाही, संघाचे कामही अडले नाही. त्याला चीवर उतरवून निघून जाण्यास कोणीही सांगितले नाही.

दुसरा प्रसंग चुल्लवग्गातील आहे, आणि आमच्या मते तो अधिक महत्त्वाचा. गग्ग बरा झाला. परंतु आजारपणात त्याच्या हातून श्रमणाला न शोभणारे पुष्कळ वर्तन घडले होते आणि काही भिक्खू त्यावरून त्याला वारंवार टोचत राहिले. आपण तेव्हा भानावर नव्हतो, ते आपल्याला आठवत नाही, असे तो सांगे. टोचणी थांबत नसे. हे तथागतांच्या कानी गेले. त्यांनी टोचणाऱ्यांना दोष दिला आणि गग्गाला ‘अमूळ्हविनय’ देण्यास सांगितले. गग्गाने संघापुढे तीनदा याचना केली. ठराव मांडून तीनदा पुकारण्यात आला, आणि कोणाचीही हरकत नसल्याने तो संमत झाला.

ही केवळ दया नव्हती. सर्व आठवत असूनही आठवत नाही म्हणणाऱ्याला दिलेला अमूळ्हविनय अधर्म्य ठरतो, हेही तेथेच स्पष्ट केले आहे. म्हणजे चौकशी होती, निकष होते, निर्णय होता. वाद मिटविण्याच्या सात रीतींपैकी ही एक होय. आणि रीतसर मिटलेला वाद जो पुन्हा उकरून काढील, त्यालाच पाचित्तिय दोष लागे. बरा झालेला माणूस निर्दोष आणि त्याच्या आजाराची उजळणी करणारा दोषी, असा हा न्याय.

पटाचारा थेरीची कथा याच न्यायाची दुसरी बाजू दाखवते. पती, दोन मुले, आईवडील आणि भाऊ गमावल्यावर तिचे भान हरपले. अंगावरच्या वस्त्राचीही शुद्ध तिला उरली नाही. अट्ठकथा सांगते की लोकांनी तिला वेडी म्हणून हाकलले, तिच्यावर केरकचरा आणि ढेकळे फेकली. तथागतांनी तिला जवळ येऊ दिले, भानावर येण्यास सांगितले; सभेतील एकाने आपले उपरणे तिला दिले. पुढे विनय जाणणाऱ्या भिक्खुणींमध्ये अग्रस्थान मिळाले ते याच पटाचारेला.

ज्या भूमीत हे घडले, तेथे पुढे काय झाले? 1912 च्या ब्रिटिशकालीन कायद्यात मनोरुग्णाचे नावच ‘वेडा’ होते, आणि त्या कायद्याचा भर उपचारापेक्षा कोंडून ठेवण्यावर होता. स्वतंत्र भारताला तो बदलण्यास 1987 साल उजाडले. त्यानंतरही 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका झोपडीवजा आश्रयस्थानाला आग लागली आणि 28 मनोरुग्णांचा मृत्यू झाला. ते साखळदंडांनी बांधलेले होते, पळणार कसे? भूत उतरविण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरला. त्यासाठी अनेक वर्षे झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या त्याच वर्षी झाली. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळीने बांधण्यास मनाई केली, उपचाराचा हक्क दिला, रुग्णाची माहिती गोपनीय राखण्याचे बंधन घातले आणि आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडे गुन्हेगार म्हणून न पाहता तीव्र तणावाखालील माणूस म्हणून पाहण्यास सांगितले.

कायद्याने साखळदंड तुटतो. कुजबुज तुटत नाही. अमेरिकेत आलेल्या आमच्या पिढीवर एक वेगळेच ओझे आहे. गावकुसाबाहेरून दोन-तीन पिढ्यांत आपण येथवर पोहोचलो, म्हणून कोसळण्याची मुभा आपल्याला नाही, असे आपण मनाशी धरून चालतो. व्हिसा नोकरीला बांधलेला, घरचे आपल्यावर अवलंबून, आणि जातीचा शिक्का पुसता पुसता दुसरा शिक्का कोणाला हवा? म्हणून डिप्रेशनला ‘कामाचा ताण’ म्हटले जाते, गोळ्या पाहुण्यांपासून लपवल्या जातात, मुलीच्या लग्नाआधी डॉक्टरांचे कागद फाडले जातात. वंदनेला दीर्घ काळाने परतलेल्या माणसाला आम्ही हसून जय भीम केला आणि पार्किंगमध्ये मात्र ‘गोळ्या चालू आहेत म्हणे’ असे बोललो. गग्गाला टोचणारे भिक्खू आम्हीच होतो.

काही जण सद्भावनेने सांगतात, ‘ध्यान करा, बरे वाटेल.’ ध्यानाचे मोल आहेच. परंतु महावग्गात औषधांसाठी एक संपूर्ण प्रकरण आहे, हे विसरू नये. आजाऱ्याला औषध नाकारणे हा धम्म नव्हे.

पूज्य बाबासाहेबांनी आपल्याला जन्मावरून माणसाचे मोल ठरविण्याच्या रूढीतून बाहेर काढले. मग आजारावरून ते ठरविण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? अमूळ्हविनयासाठी आज संघाची सभा भरविण्याची गरज नाही. परतलेल्या माणसाला पूर्वीचीच जागा आणि पूर्वीचेच काम द्यावे, आणि त्याच्यामागे चाललेली चर्चा आपण स्वतः थांबवावी. कोणाला आत्ताच आधार हवा असेल तर येथे 988 आणि भारतात 14416 हे क्रमांक दिवसरात्र चालू असतात. तेथे फोन करण्यात कमीपणा नाही.

गग्गाची कथा पुढच्या रविवारी मुलांनाही सांगावी, असे आम्ही ठरवले आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!