चालणारी गौर आणि गाणारे झाड

चैत्र शुद्ध तृतीयेचा दिवस आपल्या बऱ्हाणपुरातील मराठी घरांत कसा साजरा होतो, हे या पत्रिकेच्या वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही. देवघरातील अन्नपूर्णा त्या दिवशी पितळी झोपाळ्यात बसते. तिच्यापुढे आरास होते, आंब्याची डाळ व पन्हे तयार होते आणि पुढे महिनाभर सोयीने हळदीकुंकू चालते. त्याच तिथीस, गावाबाहेर दोन-चार कोसांवरच्या निमाडी वस्त्यांत दुसरी एक गौर रस्त्यावर येते. ती झोपाळ्यात बसत नाही. ती माणसांच्या डोक्यावरून चालते, ढोलाच्या ठेक्यावर नाचते आणि तिच्याभोवती रात्रभर गाणी म्हटली जातात. तिला तिकडे रनुबाई म्हणतात व तिच्या यजमानांस धणियर राजा. एकाच देवीची एकाच तिथीस मांडलेली ही दोन रूपे आहेत. एक बसलेले, दुसरे चालते. या दुसऱ्या रूपाकडे आपण रंगभूमीच्या दृष्टीने कधी पाहिले नाही, असे मला वाटते. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. महसूल खात्याच्या नोकरीत निमाडातील अनेक गणगौरींशी माझा संबंध आला; परंतु तो केवळ बंदोबस्तापुरता. मिरवणुकीचा मार्ग, नदीघाटावरील दिवे, होमगार्डांची संख्या एवढे कागदावर आले की माझे काम संपे. ज्या गोष्टीसाठी बंदोबस्त करावयाचा ती गोष्ट काय आहे, हे विचारण्याची बुद्धी मला झाली नाही. ‘हा इकडच्या लोकांचा सण आहे’ एवढे एकच वाक्य मनाशी पक्के होते. 1760 साली उदगीरच्या लढाईनंतर अशीरगड आणि बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले. आपल्यापैकी अनेक कुटुंबे आपल्या येथील वास्तव्याचा आरंभ त्या सुमारापासून सांगतात. अडीचशेहून अधिक वर्षे शेजारी राहूनही ‘इकडचे’ हा शब्द आपल्या तोंडून गेलेला नाही.

आता ही गौर घडते कशी, ते पाहू. आपल्या पंचांगानुसार फाल्गुन वद्याच्या उत्तरार्धात, आणि निमाडच्या पौर्णिमान्त गणनेप्रमाणे चैत्र वद्यात, लहान टोपल्यांत माती घालून गहू पेरतात. ज्या घरी हे होते त्या जागेस ‘बाडी’ म्हणतात. टोपल्या आतल्या खोलीत, उन्हापासून दूर ठेवून त्यांस पाणी घालतात. अंधारात वाढल्यामुळे अंकुर हिरवे न होता पिवळसर, नाजूक निघतात. हे जवारे म्हणजेच देवी. ती मूर्तीत येऊन बसते असे नव्हे. पेरलेला गहू हाच तिचा देह. तृतीयेस कामट्यांचे व लाकडाचे सांगाडे, ज्यांना ‘रथ’ म्हणतात, सजवून बाडीत आणतात. त्यांस लाकडी मुखवटा, लुगडे, दागिने सर्व असते. जवारे त्या रथांत ठेवले की देवी उभी राहते. मग स्त्री-पुरुष ते रथ डोक्यावर घेऊन नाचतात, झालरिया गीते गातात. एखादे कुटुंब तिला माहेरवाशिणीप्रमाणे आग्रहाने एक-दोन दिवस अधिक ठेवून घेते, गावजेवण घालते आणि अखेरीस जवारे नदीत सोडले जातात. खंडव्याचे पंडित रामनारायण उपाध्याय यांनी निमाडी लोकसाहित्याच्या अभ्यासास आयुष्य वाहिले. त्यांचे कार्य हिंदी जगतात मान्य झाले. आपल्या मराठी वाचनालयांत त्याची दखल फारशी घेतली गेली नाही.

धार्मिक भाव क्षणभर बाजूस ठेवून केवळ रचनेकडे पाहिले तर काय दिसते? वनस्पतीचा देह, कामट्यांचा सांगाडा, वरून वस्त्र, आणि आत अथवा खाली एक माणूस, ज्याच्याकडे पाहणाऱ्याचे लक्ष जात नाही. आवाज मात्र त्या माणसाचा नसून भोवतालच्या समुदायाचा असतो. नाट्यशास्त्राच्या परिभाषेत ही मोठ्या आकाराची बाहुली आहे, आणि तिचा प्रयोग संगीत आहे.

मराठी माणसास ही युक्ती परकी नाही. कोकणात भाद्रपदातील गौर तेरड्याच्या रोपांची असते. रोपांची जुडी वाजतगाजत घरी आणायची, तिला मुखवटा लावायचा, साडी नेसवायची, की पाणवठ्यावरची ती वनस्पती घरची लेक होते. रंगभूमीवरही हेच होते. 5 नोव्हेंबर 1843 रोजी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ सादर करणारे विष्णुदास भावे हे मूळचे कुशल बाहुलीकार. त्यांच्या नाटकांच्या आरंभी गणपतीपाठोपाठ सरस्वती येई ती मोरावर आरूढ होऊन. हा मोर म्हणजे नटाच्या कमरेस बांधलेला सांगाडा. पाय नटाचे, पिसारा मोराचा. भाव्यांनी सांध्यांत हलणाऱ्या लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या. पुढे रामदास पाध्ये यांनी त्या जुन्या बाहुल्यांची डागडुजी करून त्यांस पुन्हा रंगमंचावर आणले. मराठी नाटकाच्या जनकाचा हात प्रथम लाकडावर बसलेला होता, ही गोष्ट आपण वर्धापनदिनाच्या भाषणांत सहसा विसरतो.

मग आपल्या संगीत रंगभूमीवर झाड का चालले नाही? 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक झाले, आणि मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले. योगायोग असा की, ज्या नाटकाने आरंभ झाला त्यात वनस्पती नातलगांसारख्या वावरतात. शकुंतला झाडांना पाणी घालते, वेलीला बहीण मानते, सासरी निघताना तिचा निरोप घेते. परंतु ही झाडे त्या काळच्या रंगमंचावर रंगवलेल्या पडद्यांवर गेली. पुढे बाबूराव पेंटर व आनंदराव पेंटर यांच्यासारख्या थोर कलावंतांनी हे पडदे अशा उंचीला नेले की, पडदा उघडताच टाळी पडावी. त्यात न्यून काहीच नव्हते. मात्र झाड एकदा पडद्यावर गेले की ते नटाच्या मागे उभे राहते. सोंगे आणि सांगाडे भाविकांच्या लळितात व खेड्यांतील उत्सवांत मागे राहिले, आणि सुशिक्षितांच्या दृष्टीने ते ‘नाटक’ उरले नाही. बऱ्हाणपूरच्या मराठी मंडळींनी गणेशोत्सवात संगीत नाटकांची पदे प्रेमाने गायली, परंतु शेजारच्या बाडीतील चालते झाड त्यांना आपले वाटले नाही. त्याचे मूळ या ठिकाणी आहे, असे माझे मत आहे.

ज्या गोष्टीस आपण खेड्यातील म्हणून बाजूस सारले, तीच पुढे न्यूयॉर्कच्या रंगमंचावर मोठ्या थाटात आली, हे सांगितल्याशिवाय विषय पूर्ण होत नाही. 1960 साली रॉजर कॉर्मन या दिग्दर्शकाने अत्यंत अल्प खर्चात एक विनोदी भयपट काढला. फुलांच्या दुकानातील एका गरीब नोकराजवळ एक विचित्र रोप असते, व त्याला पाण्याऐवजी रक्त लागते, अशी ती कथा. तिच्यावरून हॉवर्ड अ‍ॅशमन यांनी संहिता व गीते लिहिली, अ‍ॅलन मेन्केन यांनी संगीत दिले आणि 1982 साली ‘लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ हे संगीत नाटक रंगभूमीवर आले. ऑर्फियम नाट्यगृहात ते नोव्हेंबर 1987 पर्यंत चालले व त्याचे 2,209 प्रयोग झाले. 1986 साली त्यावर चित्रपटही निघाला. आज तिकडच्या शाळा, महाविद्यालये व हौशी मंडळ्या हे नाटक हौसेने करतात. ‘ऑड्री दुसरी’ नावाचे ते झाड कसे उभारावे, हा त्या प्रत्येक मंडळीपुढचा पहिला प्रश्न असतो.

मूळ प्रयोगासाठी ते झाड मार्टिन रॉबिन्सन या बाहुलीकारांनी घडवले. झाड वाढते हे दाखवण्यासाठी त्यांनी एक नव्हे, चार बाहुल्या केल्या. पहिली कुंडीत मावणारी. दुसरी नायकाच्या कवेत राहणारी. येथे गंमत अशी की, कुंडी धरलेला नायकाचा एक हात खोटा असतो, आणि त्याचा खरा हात झाडाच्या आत राहून त्याचे तोंड हलवतो. तिसरीत बाहुलीकार स्वतः बसतो व त्याचे पाय मुळांसारखे झाकले जातात. चौथी जवळजवळ सारा रंगमंच व्यापते आणि पात्रेच्या पात्रे गिळते. आतल्या माणसास बाहेरचे नीट दिसत नाही, उकाडा होतो, आणि जबड्याचे ओझे हात-पाठीवर येते. झाडाचा आवाज मात्र त्याचा नसतो. पडद्याआड उभा असलेला दुसरा गायक गातो, व आतल्याने त्याच्या शब्दाशब्दावर जबडा मिटावयाचा व उघडावयाचा असतो. एकाचा देह, दुसऱ्याचा कंठ. दोघांनी एकत्र तालीम केल्याखेरीज झाडात प्राण येत नाही. गणगौरीच्या रथाखालचा माणूस आणि भोवती गाणाऱ्या स्त्रिया यांचे नाते याहून वेगळे ते काय?

साम्य येथपर्यंत आहे. पुढे मात्र मोठा भेद आहे, आणि तो विचार करण्याजोगा आहे. न्यूयॉर्कचे झाड मालकाला कीर्ती व पैसा देते, मोबदल्यात माणसे मागते आणि शेवटी देणाऱ्यासच गिळते. हाव कशी वाढत जाते याचे ते हसत-खेळत केलेले चित्र आहे. निमाडचे झाड नऊ-दहा दिवसांत वाढते, गावाला जेऊ घालते आणि नदीत परत जाते. ते कोणाच्या मालकीचे होत नाही, म्हणून ते कोणाला गिळतही नाही. एकाच युक्तीतून दोन समाजांनी आपापली चिंता आणि आपापली आशा उभी केली.

आता आपल्याकडील प्रश्न. मंडळाच्या उत्सवात आजकाल देखावे भाड्याने येतात. वीज लावली की हलतात, उत्सव संपला की टेम्पोत बसून परत जातात. अमेरिकेतही या झाडाच्या तयार बाहुल्या भाड्याने मिळतात, तेव्हा दोष केवळ आपला नाही. परंतु ज्या गावात बुरूड कामट्या काढतो, यंत्रमागावर कापड विणले जाते, शिंपी आणि रंगारी हाकेच्या अंतरावर आहेत, आणि वेशीपासून केळीच्या बागा सुरू होतात, त्या गावाने झाड भाड्याने आणावे याचे वैषम्य वाटते. केळीच्या पानाची रचनाच पाहावी. मध्ये एक जाड दांडा, दोन्ही बाजूंस आडव्या शिरा, आणि वारा लागला की पान शिरांच्या रेषेनेच फाटते. बांबूची एक लवचीक कामटी दांड्याच्या जागी घालून, कापडाच्या पट्ट्या शिरांच्या दिशेने शिवल्या तर पुरुषभर उंचीचे पान वजनाला हलके होते आणि चालताना आपोआप डोलते. जबडा करावयाचा तर खालचा भाग स्थिर ठेवून वरचा बिजागरीवर बसवावा, मागील बाजूस वजन बांधून तोल साधावा, आणि आतल्याला दिसावे म्हणून तोंडाच्या आत काळे जाळीदार कापड लावावे. यासाठी परदेशी साहित्याची गरज नाही. गरज आहे ती चार घरांतील माणसांनी महिनाभर एका ओसरीवर बसण्याची.

माझ्या मते खरी हानी येथेच आहे. बाहुली घडवताना सुताराचा मुलगा, वकिलांची सून आणि मागावरचा कारागीर एका सुतळीची दोन टोके धरतात. भाड्याच्या देखाव्याने ती ओसरी ओस पडली. ‘इकडचे’ आणि ‘आपले’ हा भेद सभेतील ठरावांनी पुसला जात नाही. काम करता करता तो नकळत विसरला जातो.

येत्या चैत्रात आपल्या घरी झोपाळ्यातल्या गौरीची आरास होईलच. ती झाल्यावर संध्याकाळी जवळच्या एखाद्या निमाडी वस्तीत, आपल्या नातवंडांसह जाऊन यावे, एवढीच विनंती. या वेळी मीही जाणार आहे. रथ कोणत्या लाकडाचा, कामट्या कोणी बांधल्या, जवारे कोणत्या खोलीत वाढले, हे त्या मंडळींस विचारावे. ती आनंदाने सांगतील. इतकी वर्षे आपण विचारले नाही, एवढेच.